डिपर कुणाला दिलात?

ताई, नमस्कार.

मी राजापूर तालुक्यातला. स्वतःची पिकअप आहे. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या वाशीला, एरवी सिमेंट, पत्रे, कुणाचं घर हलवायचं असेल तर ते. मुंबई-गोवा हायवेवर अठरा वर्षं गाडी चालवतोय. पुढे पोलीसमामा स्पीड गन लावून उभे असले की समोरून येणाऱ्याला डिपर द्यायचा, म्हणजे हेडलाईट लुकलुकवून इशारा करायचा, ही आमच्यातली रीत. लोक मला देतात, मी लोकांना देतो. त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलं नाही.

गेल्या महिन्यात वाशीला पेट्या उतरवून रिकामी गाडी घेऊन परतत होतो. सोबत मुलगा होता, वय १९. रात्री अकराच्या सुमारास एके ठिकाणी नाकाबंदी लागली. आमची गाडी बघून सोडली. सवयीने पुढे दोन-तीन किलोमीटर समोरच्यांना डिपर देत गेलो. त्यातली एक पांढरी गाडी एकदम हळू झाली, दिवे बंद केले आणि फाट्यावरून आत वाडीच्या रस्त्याला गेली. आम्ही दोघे हसलो. दुसऱ्या दिवशी कळलं, साईडपट्टीवरून चालणाऱ्या एका बाईला उडवून गाडी पळाली होती, तिच्यासाठी ती नाकाबंदी. बाई वाचली, पण मांडीचं हाड मोडलं. पांढरी गाडी तीच होती का, मला माहीत नाही. बायको म्हणते, "तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं?" मुलगा म्हणतो, तीच. आता माझा हात डिपरच्या दांडीकडे गेला तरी तो बघत बसतो.

आमचा ड्रायव्हर लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, मी ॲडमिन. 'अमुक उतारावर गन', 'तमुक पुलावर आरटीओ', हेच चालतं. तो बंद करू का? डिपर देणं गुन्हा आहे का? आणि त्या पांढऱ्या गाडीचं आता काय करू?

ता.क. मलाही एक चलन आलंय, वेग ७४. बोर्ड वगैरे काही दिसला नव्हता. भरू का?

भाऊ,

पत्रात प्रश्न चार-पाच आहेत, पण तुमची झोप उडालीय ती एकाच प्रश्नाने. तो आधी घेते.

आज रात्री जेवण झालं की मुलाला समोर बसवा आणि कोऱ्या कागदावर त्या रात्रीचं सगळं लिहून काढा. तारीख, नाकाबंदी कुठे लागली, तिथून किती पुढे गेल्यावर ती गाडी दिसली, कुठल्या फाट्याला वळली, तिथे खूण काय आहे, दुकान, मंदिर, एसटीची शेड, जे असेल ते. गाडी छोटी होती की मोठी, वर कॅरिअर होतं का, एखादा पुढचा दिवा फुटला होता का. मुलाला जे आठवतं ते मुलाच्या शब्दांत, तुम्हाला आठवतं ते तुमच्या. दोघांचं जमलं नाही तरी जमवून घेऊ नका. मोबाईलमध्ये फास्टॅगचे आणि डिझेलचे मेसेज असतील, त्यावरून वेळ पक्की होईल. तो कागद घेऊन, ज्या हद्दीत बाईला उडवलं तिथल्या पोलीस ठाण्यात जा. महिना गेला आहे, आणखी आठवडा घालवू नका. फाट्यावरच्या एखाद्या दुकानाला कॅमेरा असलाच तर त्यातलं रेकॉर्डिंग काही जन्मभर राहत नाही.

"मलाच आत टाकतील," हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मधे ते दिसतंय. मी २६ वर्षं रत्नागिरीच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहिले, त्या जोरावर सांगते. भारतीय न्याय संहितेचं कलम २२१ आहे, पूर्वीचं भादंविचं १८६. सरकारी नोकराच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळं वजन 'जाणूनबुजून' या शब्दावर आहे. नाकाबंदी कशासाठी आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, आणि तुम्ही स्वतःच्या पायाने सांगायला आलात. तिथे तुम्ही साक्षीदार म्हणून जाताय. साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी लिहून घेतला तर त्यावर सही करायची नसते, हे लक्षात ठेवा. कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. जीव घाबरतच असेल तर ओळखीचा वकील सोबत न्या. डिपरचंही सांगा. लपवलंत तर त्या गाडीने दिवे का बंद केले याला अर्थच उरत नाही.

आता त्या बाईच्या बाजूने बघा. ठोकर देणारी गाडी सापडलीच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. मृत्यू झाला असता तर घरच्यांना २ लाख. बस्स, एवढंच. गाडी सापडली आणि तिचा विमा असला तर दावा न्यायाधिकरणापुढे जातो. मग दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, पायात राहिलेलं अधूपण, सगळ्याचा हिशेब होतो. मांडीच्या हाडाला सळई घालायची म्हणजे काय खर्च येतो, तुमच्या वाडीत कुणाला ना कुणाला ठाऊक असेल. तुमच्या कागदावरच्या चार ओळींची किंमत ही आहे.

ती गाडी तीच होती का? मला माहीत नाही, तुम्हाला नाही, तुमच्या मुलालाही नाही. गोव्याहून चार बाटल्या डिकीत टाकून निघालेला कुणी असेल. विमा संपलेला असेल. दोन पेग मारून सासुरवाडीहून परतणारा असेल. आपल्या हायवेवर रात्री अकरा वाजता पोलिसांना टाळावंसं वाटणारी माणसं काय थोडी असतात? मुलाला हे सांगा. आणि हेही सांगा की त्याचा संशय चुकीचा निघाला तरी त्याने तो धरून ठेवला हे बरंच झालं.

आता डिपर.

आधी कबुली देते, म्हणजे मी वरच्या पाटावर बसून बोलतेय असं वाटायला नको. मीही डिपर दिलाय. एकदा हातखंब्याच्या उतारावर गन बघितली आणि मोठ्या उत्साहाने समोरच्या जीपला डिपर मारला. जीप जवळ आली तर आत खाकी! साहेबांनी काचेतून नुसता हात हलवला. पाली येईपर्यंत मी चाळीसच्या वर गाडी नेली नाही.

पोलिसांची वर्दी देण्यासाठी डिपर मारू नये, असं स्वतंत्र कलम मोटार वाहन कायद्यात नाही. त्या २२१ कलमाला ताणून बसवायचं तर समोरचा वेगात होता हे तुम्हाला माहीत होतं, आणि त्याला वाचवायचाच तुमचा हेतू होता, हे सिद्ध करावं लागेल. नुसत्या डिपरवर एवढं सिद्ध करणं सोपं नाही.

गंमत म्हणजे हा वाद मोटारीएवढाच जुना आहे. इंग्लंडात १९०५ साली काही मोटारवाल्यांनी ऑटोमोबाईल असोसिएशन काढली, ती मुळात याच कामासाठी. तेव्हा तिथे वेगाची मर्यादा होती ताशी २० मैल, म्हणजे आपले ३२ किलोमीटर. पोलीस कुंपणाआड घड्याळ घेऊन बसायचे. असोसिएशनची पोरं सायकलवरून रस्त्याने फिरायची आणि सभासदांना पुढची खबर द्यायची. प्रकरण कोर्टात गेलं. १९०७ सालच्या एका निकालात खबर देणारा सुटला, कारण ज्यांना खबर दिली ते तेव्हा वेगात होते हे सिद्ध झालं नाही. तीनेक वर्षांत दुसरा निकाल आला, त्यात समोरचे वेगात होते, म्हणून खबर देणं हा पोलिसांच्या कामात अडथळा ठरला. मग असोसिएशनने शक्कल काढली. गाडीवर बिल्ला दिसला की पोरगा कडक सलाम ठोकणार. पुढे पोलीस असले की सलाम नाही. सलाम मिळाला नाही की सभासदाने गाडी थांबवून 'काय रे बाबा' विचारायचं. सलाम न ठोकणं हा गुन्हा कोण ठरवणार!

वकिली डोक्याला ती शक्कल आवडतेच, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त लागली. दोन्ही निकालांत निरोप तोच होता. ऐकणारा कोण होता, त्यावर गुन्हा ठरला.

हे मी माझ्या घरातही पाहिलंय. वडील एसटीत ड्रायव्हर होते. शाळेला सुट्टी पडली की मी त्यांच्या वस्तीच्या गाडीत, इंजिनाच्या त्या गरम झाकणाशेजारी, गोणपाटाची घडी करून बसायचे. समोरून एसटी आली की दोघांचे उजवे हात खिडकीबाहेर. तळहात खाली करून दोनदा थोपटल्यासारखं केलं की पुढे गुरं किंवा ढासळलेली माती. हात आडवा आणि स्थिर धरला की रस्ताच बंद. आणि दोन बोटं कपाळाला लावली, टोपी सारखी केल्यासारखी, की पोलीस. पहिल्या दोन खुणा ते सगळ्यांना करायचे, ट्रकवाला असो, बैलगाडीवाला असो, साहेबाची अँबॅसडर असो. टोपीची खूण मात्र फक्त एसटीवाल्याला. एकदा मी विचारलं, ट्रकवाल्याला का नाही केलीत? तर म्हणाले, "अगो बाय, तो कोण, गाडीत काय, मला काय ठावक?"

तेव्हा मला तो कोतेपणा वाटला होता. आता वाटत नाही. हेडलाईटला अशी निवड करता येत नाही, भाऊ. तुमचा डिपर समोरच्या रांगेतल्या प्रत्येकाला जातो. त्यात दवाखान्यात निघालेलं कुटुंब असतं, तुमच्यासारखा पेट्यावाला असतो, आणि एखादा बाईला उडवून आलेला असतो. तुम्हाला दिसतात दोन दिवे.

म्हणून मी फरक करते तो असा. दिवसाढवळ्या गन लावलेली दिसली आणि तुम्ही डिपर दिलात, तर मला फारसं दुःख नाही. गनचं काम काय? गाड्या हळू करणं. तुमच्या डिपरनेही गाडी हळूच होते. सरकारलाही हे मान्य आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. स्पीड कॅमेरा असो, स्पीड गन असो, जिथे असल्या यंत्राने नजर ठेवायची त्या पट्ट्याच्या आधी ठळक सूचनाफलक लावायचा, लोकांना कळवायचं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे लपून धरणं हा त्या नियमाचा हेतू नाही. आंब्याच्या कलमाआड गाडी लावून उतारावर गन रोखणाऱ्यांवर तुम्ही लोक चिडता, ते अगदीच बिनबुडाचं नाही. माझीही तक्रार तीच आहे. गन सरळ, मोकळ्या उतारावर असते, कारण तिथे चलनं भरपूर मिळतात. चौपदरीने गाव मधोमध कापलंय आणि पोरं दप्तरं घेऊन दुभाजकावरून उड्या मारतात, तिथे ती मला क्वचित दिसते.

नाकाबंदीचं तसं नाही. ती कुणाला तरी धरायला असते. दारू पिऊन चालवणारा, चोरीची गाडी, पळवलेलं पोर, ठोकर देऊन पळालेला. तिची आगाऊ खबर मिळाली की ती फुकटच गेली. फ्रान्समध्ये २०२१ पासून हा फरक कायद्यातच केलाय. रस्त्याच्या खबरा देणाऱ्या ॲपना तिथे वेगतपासणीची सूचना देता येते, पण दारूची तपासणी किंवा फरारी माणसाचा शोध चालू असला तर सरकार सांगेल त्या भागात, सांगेल तेवढे तास, ती खबर दाखवायची नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. रात्रीचा बॅरिकेड, दोन पोलीस, हातात टॉर्च, डिकी उघडून बघतायत, असं दिसलं की त्यानंतर समोरच्याला डिपर नाही. तुम्हाला कारण माहीत नसतं, आणि कारण माहीत नसणं हेच गप्प बसायला पुरेसं आहे.

गनच्या डिपरला मी माफी दिली खरी, पण त्यातही एक मेख आहे. डिपर बघून माणूस ऐंशीवरून साठवर येतो, गन मागे पडली की आरशात बघतो आणि पुन्हा ऐंशी. तुम्हीही तेच करता, मीही केलंय. साठ आणि ऐंशीत काय एवढं, असं वाटतं. कोरडं डांबर, चांगले ब्रेक, आणि पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा. ६० च्या वेगातली गाडी धोका दिसल्यापासून साधारण ३७ मीटरमध्ये उभी राहते. ८० ची गाडी ५७ मीटर घेते. पण खरा हिशेब पुढेच आहे. जिथे साठवाली गाडी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी ऐंशीवाली अजून साठच्या आसपास वेगात असते. म्हणजे जिथे एका गाडीसमोर म्हातारी नुसती दचकली असती, तिथे दुसरी तिला साठच्या वेगाने धडकते. पेट्या भरलेली गाडी, आत्ताचा पाऊस, झिजलेले टायर, हे त्याच्यावर. आणि वाचतं काय? दहा किलोमीटरला अडीच मिनिटं.

पेट्यावाल्यांची घाई मला कळते. पहाटे गाडी गाळ्यावर लागली नाही की भाव पडतो, आणि दलालाची पट्टी हातात आली की बागायतदार तुमच्याकडेच बघतो. त्या घाईवर माझ्याकडे औषध नाही. एक तास आधी निघा म्हणणं सोपं आहे. पेट्या भरून व्हायलाच संध्याकाळ होते, तेही पाहिलंय.

तुमच्या ग्रुपचं मात्र मला अजिबात पटलेलं नाही. डिपर त्या जागी, त्या क्षणी, त्या माणसाला हळू करतो आणि संपतो. ग्रुपवर 'तमुक उतारावर गन' आलं की निवळीला चहा पिणाऱ्याला दुसरीच बातमी मिळते, की बाकी सगळा रस्ता मोकळा आहे. तो दीडशे किलोमीटरचा हिशेब लावून निघतो. आणि मेसेज टाकणारा तेव्हा काय करत असतो? एका हाताने स्टिअरिंग, दुसऱ्याने टायपिंग. त्याला स्वतःलाच कलम १८४ लागतं, धोकादायक गाडी चालवण्याचं, मोबाईल हातात धरणं त्यातच येतं. पुन्हा तोच प्रश्न आहेच: एवढ्या माणसांत कुणी कुणाला आत घेतलंय, तुम्हाला ठाऊक आहे?

ॲडमिन म्हणून तुमच्या डोक्यावर किती? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलंय की सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा बेत होता हे दिसावं लागतं. त्या खटल्यातला मजकूर वेगळ्या प्रकारचा होता, पण तत्त्व कामाचं आहे. तेव्हा पोलिसांच्या भीतीने ग्रुप बंद करायची गरज नाही.

बंद करूच नका. दोनशे माणसं हायवेवर रात्रंदिवस असतात आणि एकमेकांचं ऐकतात, असली गोष्ट पैसे देऊन मिळत नाही. तिचा उपयोग बदला. परशुराम घाटात माती आलीय, कशेडीत धुकं उतरलंय, बावनदीच्या आसपास टँकर आडवा आहे, डायव्हर्जनचा बोर्ड वाऱ्याने पडलाय, अमुक वाडीजवळ गुरं डांबरावर बसलीत. पावसात डांबर तेवढं उबदार आणि कोरडं, म्हणून ती बिचारी तिथे बसतात, आणि काळी म्हैस रात्री दिसत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. गाडी बंद पडली की झाडाची फांदी तोडून मागे टाकतात ना, तसा तुमचा ग्रुप असू दे. 'गन, नाकाबंदी, आरटीओ यांचे मेसेज इथे नकोत, बाकी सगळं टाका, गाडी बाजूला घेऊन टाका,' एवढं लिहा. चारजण भांडतील, दहाजण सोडून जातील, त्यातले निम्मे पहिली दरड कोसळली की परत येतील. कारण विचारलं तर पांढऱ्या गाडीची गोष्ट सांगा. नाव-गाव न घेता. ड्रायव्हर माणसाला ती कळते, प्रत्येकाने एकदा तरी रस्त्यावर पडलेलं कुणीतरी बघितलेलं असतं.

वायुवेग पथकाचं, म्हणजे आरटीओच्या फिरत्या तपासणी पथकाचं, विचारलं नाहीत, पण गृहीत धरते की विचारायचं होतं. ओव्हरलोड चिऱ्याच्या गाडीला आधीच खबर मिळून ती पेट्रोल पंपावर तास काढते, आणि मग तोच बोजा घेऊन घाट उतरते. तुम्ही त्याच घाटात तिच्या पुढे असता. पुढचं तुम्हीच बघा.

मुलाबद्दल. तो दांडीकडे बघतो म्हणजे तुमच्यावर रुसलाय असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. त्या रात्री तोही हसला होता, तुम्हीच लिहिलंय. त्याला ते हसणं टोचतंय. बायको म्हणते तसं 'तुम्हाला काय ठाऊक होतं' हे खरं आहे, पण त्या वाक्याने त्याचं समाधान होणार नाही, कारण तो तुम्हाला दोषी धरून बसलेला नाही. त्याला काहीतरी करायचंय. पोलीस ठाण्यात त्याला बरोबर न्या, त्याचं त्याला बोलू द्या. मधेच 'गप रे' म्हणू नका, ही आपल्याकडच्या बापांची खोड असते.

त्या बाईकडे जाऊ का, असंही मनात असेल. आधी जबाब होऊ दे. मग जा, पण माफी मागायला म्हणून नको. तिने तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, हे ओझं मोडलेल्या पायाच्या माणसावर टाकायचं नसतं. मजुरी बुडालीय, पावसाळा लागलाय, घरात लाकडं-तांदूळ आहेत का बघा. गाडी तुमच्याकडे आहे. दवाखान्यात तपासणीला न्यायला-आणायला भाडं पडतं, ते करता आलं तर करा.

राहिलं चलन. लगेच भरू नका आणि लगेच भांडूही नका. ७४ हा वेग कुठे, त्यावर सगळं आहे. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे मालवाहू गाडीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल ८०, आणि साध्या रस्त्यावर ६०. पण स्थानिक पातळीवर त्याहून कमी मर्यादा लावता येते, घाटात, वळणावर, वस्तीजवळ, आणि ती फलकावर लिहिलेली असते. चलनात फोटो, यंत्राने मोजलेला वेग, जागा, तारीख, वेळ हे सगळं असलं पाहिजे. ती जागा मोकळ्या चौपदरीवर असेल आणि कमी मर्यादेचा बोर्ड खरोखरच नसेल, तर तुमची बाजू भक्कम आहे. महाट्रॅफिक ॲपवर तक्रारीची सोय आहे, जागेचे फोटो जोडून तिथे टाका, तिथे ऐकलं नाही तर कोर्ट आहे. दुपदरी तुकडा असेल किंवा बोर्ड निघाला, तर कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १ हजार ते २ हजारांच्या दरम्यान दंड आहे, तो भरून मोकळे व्हा. दुसऱ्यांदा सापडलात तर लायसन्सवर येतं.

म्हणून आधी त्या जागी जाऊन या. बोर्ड नव्हता की करवंदीच्या जाळीत बुडाला होता, हे गाडीत बसून आठवण्यापेक्षा उतरून बघा. मुलाला बाजूला बसवा आणि त्यालाच शोधू द्या. स्टिअरिंग मात्र त्याच्या हातात देऊ नका हं. वय १९ लिहिलंय तुम्ही. मालवाहू गाडी चालवायला कलम ४ प्रमाणे २० पूर्ण लागतात. बोर्ड शोधायला वयाची अट नाही.